तहान लागण्यापूर्वींची विहीर



ठाण्याच्या खाडीच्या मुखाशीं राष्ट्राच्या अर्थकारणांतला एक जुना वाद डोळ्यांना दिसावा, अशा तीन जागा जवळजवळ वसल्या आहेत. दक्षिणेस, उरणच्या बाजूला, न्हावा शेवा बंदर आहे. तें १९८९ सालीं सुरू झालें आणि आज देशांतील अगदीं मोठ्या कंटेनर बंदरांत त्याची गणना होते. परदेशीं तयार झालेला माल येथें उतरतो. पश्चिमेस, खाडीच्या पलीकडच्या तीरावर, ट्रॉम्बेचा डोंगर आहे आणि त्याच्या पायथ्याशीं भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. परदेशांतून जें मिळत नाहीं, किंवा आज मिळतें पण उद्यां मिळेलच असा भरंवसा नाहीं, तें स्वतः शिकून तयार करण्याचा उद्योग येथें गेलीं सुमारें सत्तर वर्षें चालू आहे. पूर्वेस, नवी मुंबईंतील वाशी येथें, विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ आहे. लोक त्याला ‘ब्रिट’ या संक्षिप्त नांवानें ओळखतात. प्रयोगशाळेंत जें साधलें तें रुग्णालयाच्या दारापर्यंत पोंचविण्याचें काम या मंडळाकडे आहे. त्याची स्थापनाही १९८९ सालींच झाली.

या तीन जागांमधून जो प्रश्न उभा राहतो, तोच आजच्या भाषणाचा विषय आहे. राष्ट्रानें कोणती वस्तु बाहेरून विकत घ्यावी, कोणती घरीं तयार करण्याची विद्या मिळवावी, आणि ती विद्या मिळविण्यासाठीं सार्वजनिक तिजोरींतून किती काळ व किती पैसा खर्च करावा? प्रश्न अर्थशास्त्राचा वाटतो. परंतु त्याचें उत्तर चुकलें तर पहिली झळ कोणाला लागते, हें समजावें म्हणून आपण कर्करोगाच्या उपचारांत लागणाऱ्या कांहीं वस्तूंचेंच उदाहरण घेऊं.

आरंभींच एक गैरसमज दूर केला पाहिजे. परावलंबन हा शब्द कानीं पडतांच आपल्याला तो दोष वाटूं लागतो. पण कोणतेंही घर आपलें मीठ आपण पिकवीत नाहीं, आपलें कापड आपण विणीत नाहीं, आणि तेवढ्यावरून त्या घराला कोणी दुबळें म्हणत नाहीं. जें दुसरा चांगलें व स्वस्त करतो तें त्याच्याकडून घ्यावें, आणि आपल्याला जें चांगलें जमतें तें त्याला द्यावें, हा सरळ व्यवहार आहे. राष्ट्रांचाही व्यवहार असाच चालतो. उलट, सर्वच वस्तु घरीं करूं पाहणारें राष्ट्र आपली बुद्धि व भांडवल इतक्या ठिकाणीं विखरून टाकतें कीं, एकही गोष्ट त्याला धड साधत नाहीं. म्हणून शहाणें सरकार आयातीची यादी लांबली एवढ्यानें घाबरत नाहीं. तें प्रत्येक वस्तूविषयीं तीन प्रश्न विचारतें. ही वस्तु सांठवून ठेवतां येते काय? ती विकणारे जगांत किती आहेत? आणि एके दिवशीं ती आली नाहीं, तर आपल्याकडे काय बंद पडतें?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर होकारार्थी असेल, तर उपाय सोपा आहे. आपला देश कच्च्या खनिज तेलापैकीं शेंकडा पंच्याऐंशींहून अधिक तेल बाहेरून आणतो. तेल नासत नाहीं. म्हणून सरकारनें विशाखापट्टणम्, मंगळूर व पदूर या तीन ठिकाणीं जमिनीखालीं खडकांत प्रचंड पोकळ्या कोरून ५३ लाख टनांहून अधिक तेल मावेल अशी सोय केली. जुन्या काळीं गांवोगांव धान्याचीं पेवें असत, त्यांतलाच हा प्रकार. तीं भरलीं तरी देशाची सुमारें साडेनऊ दिवसांचीच गरज भागते. यावरून सांठ्याची मर्यादाही कळून येते. सांठा आपल्याला वेळ मिळवून देतो, त्याहून अधिक कांहीं देत नाहीं.

दुसऱ्या प्रश्नाचा उपाय म्हणजे विकणारे वाढविणें. २०१० सालीं चीन व जपान यांच्यामध्यें एका सागरी तंट्यावरून वितुष्ट आलें आणि दुर्मिळ मृदा-धातूंचा चीनकडून जपानला होणारा पुरवठा अडला. चुंबकें, मोटारी, विजेचीं सूक्ष्म उपकरणें यांना हे धातु लागतात, आणि त्या वेळीं जपानच्या गरजेपैकीं शेंकडा नव्वदच्या आसपास माल चीनमधून येत असे. जपाननें कोणत्याही एका उपायावर विसंबून न राहतां अनेक वाटा एकदम धरल्या. सांठे केले, जुन्या वस्तूंतून धातु परत काढण्याच्या पद्धति शोधल्या, कमी धातूंत काम भागेल अशीं यंत्रें आखण्यासाठीं संशोधनाला पैसा दिला, आणि २०११ सालीं ऑस्ट्रेलियांतील एका खाणकंपनींत सार्वजनिक भांडवल गुंतविलें. पुढील दहा-बारा वर्षांत जपानचें चीनवरील अवलंबन साठ टक्क्यांच्या आसपास उतरलें. तें संपलें नाहीं, पण एका माणसानें दार लावलें म्हणजे सारें घर उपाशी राहील, अशी स्थिति उरली नाहीं.

तिसरा उपाय जकातीचा. परदेशी माल जकातीनें महाग केला कीं देशी कारखानदाराला बाजार मिळतो. परंतु विद्या मिळतेच असें नाहीं. बंद दाराआड गिऱ्हाईक आयतें मिळालें म्हणजे माल सुधारण्याची निकड राहत नाहीं, हा अनुभव आपल्या देशानेंही १९९१ पूर्वीं पुष्कळ वस्तूंच्या बाबतींत घेतला आहे.

राहिला चौथा उपाय, संशोधनाचा. हा सर्वांत महाग, सर्वांत सावकाश, आणि ज्याच्या यशाची हमी कोणीच देऊं शकत नाहीं असा आहे. मग तो करावा कशासाठीं? १९४२ सालच्या प्रारंभीं जपाननें मलाया व डच पूर्व भारत हे प्रदेश जिंकले, तेव्हां अमेरिकेला मिळणारें बहुतेक सर्व नैसर्गिक रबर एकाएकीं बंद झालें. युद्धाच्या ट्रका, विमानें, सारें कांहीं त्यावर चालणारें. अमेरिकन सरकारनें कारखाने उभारून दोन-तीन वर्षांत कृत्रिम रबराचें प्रचंड उत्पादन सुरू केलें, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु तिचा आधीचा भाग सहसा सांगितला जात नाहीं. कृत्रिम रबराचें रसायनशास्त्र १९३० नंतरच्या दशकांत जर्मन व अमेरिकन रसायनज्ञांनीं प्रयोगशाळेंत बरेंच पुढें नेलें होतें. त्या काळीं नैसर्गिक रबर मुबलक व स्वस्त असल्यानें त्या खटाटोपाचा व्यापारी उपयोग फारसा दिसत नव्हता. संकट आलें तेव्हां कारखाने बांधावे लागले, विद्या शोधावी लागली नाहीं. तहान लागल्यावर विहीर खणूं नये असें आपण म्हणतों, त्याचा अर्थ हाच. पाणी मुबलक असतांना विहीर खणणारा मनुष्य मात्र त्या वेळीं नेहमींच उधळ्या ठरतो.

आतां आपण वाशीच्या त्या मंडळाकडे वळूं. कारण तेथील माल असा आहे कीं, वर सांगितलेल्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर तेथें मुळांतच नकारार्थी आहे.

शरीरांतील हाडें, हृदय, मूत्रपिंड यांचें कार्य कसें चाललें आहे, कर्करोग हाडांपर्यंत पसरला आहे काय, हें पाहण्यासाठीं वैद्य रुग्णाला एका किरणोत्सारी द्रव्याची अत्यल्प मात्रा देतात आणि त्यांतून निघणारे किरण यंत्रानें टिपतात. जगांत अशा ज्या परीक्षा होतात, त्यांपैकीं सुमारें शेंकडा ऐंशींसाठीं एकच द्रव्य वापरलें जातें. त्याचें नांव टेक्नेशियम-९९एम. त्याचें अर्धायुष्य, म्हणजे त्याचें बळ निम्म्यावर येण्यास लागणारा काळ, अवघा ६ तासांचा. सकाळीं ९ वाजतां तयार केलेलें औषध दुपारीं ३ वाजतां निम्मे बळ गमावून बसतें आणि रात्रीं ९ वाजतां पाव उरतें. हें टेक्नेशियम ज्यापासून निपजतें तें मॉलिब्डेनम-९९ थोडें अधिक टिकतें, पण तेंही ६६ तासच. सोमवारीं सकाळीं ९ वाजतां हातीं आलेला माल गुरुवारच्या पहाटे ३ वाजतां निम्मा होतो. थायरॉईड ग्रंथीच्या कर्करोगावर देण्यांत येणारें आयोडीन-१३१ सुमारें ८ दिवसांत निम्म्यावर येतें. हा माल पेवांत ठेवतां येत नाहीं. दुधाच्या रतिबाप्रमाणें तो नेमानें यावा लागतो. गवळी आला नाहीं तर त्या दिवशीं दूध नाहीं.

असा गवळी खरोखरच आला नाहीं, असा प्रसंग २००९ सालीं साऱ्या जगावर आला. कॅनडांतील चॉक रिव्हर येथील अणुभट्टी १९५७ पासून चालत आलेली होती आणि जगाला लागणाऱ्या मॉलिब्डेनमपैकीं सुमारें तिसरा हिस्सा ती एकटी पुरवीत असे. मे २००९ मध्यें तिला गळती लागली व ती ऑगस्ट २०१० पर्यंत बंद राहिली. त्याच मुदतींत, २०१० च्या फेब्रुवारींत, नेदरलंड्समधील पेटेनची तितकीच जुनी अणुभट्टीही दुरुस्तीसाठीं बंद करावी लागली. या दोन बंद दारांमुळें अनेक देशांतील रुग्णालयांना परीक्षा पुढें ढकलाव्या लागल्या किंवा कमी प्रतीच्या साधनांवर भागवावें लागलें. यांत कोणा राष्ट्राची दुष्ट बुद्धि नव्हती. दोन म्हाताऱ्या यंत्रांनीं साथ सोडली एवढेंच. पुरवठा तोडण्याला शत्रूच लागतो असें नाहीं, हें त्या वर्षीं जगाला कळलें.

मग भारतानें या मालाची सोय कशी केली? त्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. १९४४ च्या मार्च महिन्यांत होमी भाभा यांनीं टाटांच्या एका विश्वस्त निधीला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठीं संस्था काढावी असें सुचविलें. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा होता कीं, अणुशक्ति वीजनिर्मितीसाठीं उपयोगांत येईल तेव्हां देशाला तज्ज्ञांसाठीं परदेशाकडे तोंड वेंगाडावें लागूं नये, ते घरींच तयार असावेत. त्या वेळीं जगांत अणूपासून विजेचा एक दिवाही लागलेला नव्हता. १९४५ सालीं ती संस्था निघाली. १९४८ सालीं अणुशक्ति आयोग स्थापन झाला. १९५४ पासून ट्रॉम्बे येथें काम सुरू झालें. आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजीं ‘अप्सरा’ ही आशियांतील पहिली अणुभट्टी चालूं लागली.

येथें एक गोष्ट नीट ध्यानीं घ्यावी. अप्सरेची आखणी व बांधणी आपल्या लोकांनीं केली, परंतु तिचें इंधन ब्रिटनमधून आलें होतें. १९६० सालीं सुरू झालेली ‘सायरस’ अणुभट्टी तर कॅनडाच्या साहाय्यानें झाली आणि तिला लागणारें जड पाणी अमेरिकेनें दिलें. म्हणजे स्वावलंबनाचा आरंभही आयातीनेंच झाला. मात्र या आयातीबरोबर शिकाऊ माणसांची एक पिढी त्या यंत्रांभोंवतीं उभी केली गेली. यंत्र कसें चालवावें एवढ्यावर ती थांबली नाहीं. तें कसें आखलें आहे, बिघडलें तर कोठें हात घालावा, आणि पुढचें आपण कसें बांधावें, हें ती शिकत गेली.

याच्या शेजारीं तारापूरचें उदाहरण ठेवून पाहावें. पालघर जिल्ह्यांतील तारापूर येथें १९६९ सालीं दोन अणुभट्ट्यांतून वीज निघूं लागली. त्या एका अमेरिकन कंपनीनें बांधून हातीं दिल्या होत्या आणि त्यांचें समृद्ध युरेनियम अमेरिकेकडूनच येणार, असा १९६३ चा करार होता. वीज लौकर व स्वस्त मिळाली, यांत शंका नाहीं. परंतु १९७४ सालीं भारतानें पोखरण येथें अणुस्फोट केला, १९७८ सालीं अमेरिकेनें आपला कायदा बदलला, आणि लेखी करार हातांत असूनही इंधनाची वाट पाहण्याची पाळी आपल्यावर आली. १९८२ सालीं फ्रान्सनें तो पुरवठा पतकरला, तेव्हां कोठें मार्ग निघाला. यंत्र आपलें, जमीन आपली, कामगार आपले. पण चूल पेटविण्याचें सरपण दुसऱ्याच्या अंगणांत, अशी ती अवस्था होती.

त्याच १९७४ च्या घटनेनंतर कॅनडानेंही राजस्थानांतील रावतभाटा येथील दुसऱ्या अणुभट्टीचें काम अर्ध्यावर सोडलें. तेथें मात्र ट्रॉम्बेला तयार झालेल्या माणसांनीं तें काम हातीं घेतलें व १९८१ सालीं ती अणुभट्टी सुरू केली. सात वर्षें गेलीं, खर्च वाढला, मनस्तापही झाला असेल. परंतु दार उघडें राहिलें. याच जातीच्या अणुभट्ट्यांत पुढें कोबाल्ट-६० तयार होऊं लागलें, ज्याच्या किरणांनीं कर्करोगाच्या गांठी जाळतात. तारापूरलाही २००५ व २००६ सालीं जुन्या अणुभट्ट्यांच्या शेजारीं दोन नव्या, संपूर्ण देशी आखणीच्या अणुभट्ट्या सुरू झाल्या.

संशोधनाचा हा मार्ग गुळगुळीत असतो, असा समज कोणी करून घेऊं नये. १०० मेगावॅटची ‘ध्रुव’ अणुभट्टी सर्वस्वीं आपल्या लोकांनीं बांधली व १९८५ च्या ऑगस्टमध्यें ती चालूं झाली. परंतु कंपनामुळें इंधनाला इजा पोंचूं लागली आणि दोष हुडकून ती पूर्ण शक्तीनें चालविण्यास १९८८ साल उजाडलें. विकत घेतलेल्या यंत्रांत असा दोष निघाला असता, तर विक्रेत्याचा माणूस येईपर्यंत हात जोडून बसावें लागलें असतें. हीं अडीच वर्षें म्हणजे शिक्षणाची फी होती. फी कोणालाच आवडत नाहीं, पण ती भरल्यावांचून विद्या पदरांत पडत नाहीं.

आतां मॉलिब्डेनमकडे परत येऊं. तें मिळविण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिल्या मार्गांत युरेनियमच्या अणूचें विभाजन करून त्या राखेंतून मॉलिब्डेनम वेगळें काढतात. असें मॉलिब्डेनम फार तीव्र असतें. तें एका लहानशा नळींत भरून रुग्णालयाकडे धाडलें कीं तेथील तंत्रज्ञ रोज सकाळीं त्यांतून टेक्नेशियम सहज काढून घेतो. गाय घरीं बांधावी आणि रोज दूध काढावें, अशी ती सोय आहे. परंतु हा कारखाना उभारणें अवघड, आणि त्यांतून उरणारा किरणोत्सारी कचरा सांभाळणें त्याहून अवघड. दुसऱ्या मार्गांत साध्या मॉलिब्डेनमचें भस्म अणुभट्टींत ठेवतात. त्यांतील थोड्या अणूंना न्यूट्रॉन लागून तें मॉलिब्डेनम-९९ बनतें. हें सौम्य असतें, लहान नळींत मावत नाहीं. म्हणून त्यांतून टेक्नेशियम काढण्यासाठीं मेथिल एथिल कीटोन नांवाच्या द्रवानें तें ओढून घ्यावें लागतें, आणि त्याला कुशल हात व बराच वेळ लागतो.

भारतानें पुष्कळ वर्षें हा दुसरा, खटपटीचा मार्ग पतकरला. पुढें मॉलिब्डेनमचा घट्ट लगदा करून नळींत भरण्याची सुधारणाही येथें करण्यांत आली. परदेशीं तज्ज्ञांच्या दृष्टीनें ही जुनाट पद्धति असेल. परंतु तिचा उगम आपल्याच अणुभट्टींत होता, आणि चॉक रिव्हरची गळती तिथपर्यंत पोंचत नव्हती. त्याबरोबरच अधिक सोयीच्या, विभाजनानें मिळणाऱ्या मॉलिब्डेनमसाठीं मात्र दीर्घकाळ परदेशावर भिस्त ठेवावी लागली. घरचें ओबडधोबड पण खात्रीचें, आणि बाहेरचें सोयीचें पण बेभरंवशाचें, असे दोन्ही पुरवठे जवळ बाळगणें हेंच या बाबतींत शहाणपणाचें धोरण होतें.

पण घरची विहीर एकच असली, तर तीही आटूं शकते. २०१० च्या अखेरीस सायरस कायमची बंद झाली आणि समस्थानिकांच्या उत्पादनाचा मुख्य भार ध्रुववर येऊन पडला. २०१८ च्या सप्टेंबरमध्यें अप्सरा नव्या व अधिक शक्तिमान् रूपांत पुन्हां सुरू झाली, तो कांहींसा आधार. २०२० च्या मे महिन्यांत केंद्रीय अर्थमंत्र्यांनीं वैद्यकीय समस्थानिकांसाठीं खासगी भांडवलाच्या भागीदारीनें स्वतंत्र अणुभट्टी उभारण्याची घोषणा केली. चॉक रिव्हरची अणुभट्टी ३१ मार्च २०१८ रोजीं कायमची थंडावली, हें लक्षांत घेतां अशा सोयीची निकड किती आहे हें सांगावयास नको. देशी म्हणजे सुरक्षित, हा भाबडा हिशेब सोडून दिला पाहिजे. देशांत एकच यंत्र असेल, तर आपण परक्या देशाऐवजीं एका यंत्रावर अवलंबून असतों इतकेंच.

द्रव्यांची ही कथा झाली, आतां यंत्रांची. कोबाल्टच्या किरणांनीं कर्करोगावर उपचार करण्याची यंत्रें पूर्वीं प्रामुख्यानें परदेशांतून येत. भाभा केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं तसें यंत्र येथें आखलें, त्याला ‘भाभाट्रॉन’ हें नांव दिलें, आणि पहिलें यंत्र २००५ सालीं नवी मुंबईंतच, खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेंत बसविण्यांत आलें. त्याची विद्या बंगळूरच्या एका खासगी कंपनीला देण्यांत आली. तिनें तीं यंत्रें तयार करून देशांतील अनेक रुग्णालयांना पुरविलीं, आणि एक यंत्र भारतानें व्हिएतनामला भेट म्हणूनही दिलें. येथें प्रयोगशाळा, कारखाना व रुग्णालय या तिघांचे हात एकमेकांत गुंफले गेले. कोबाल्टचें अर्धायुष्य सव्वापांच वर्षांचें. म्हणजे यंत्रांतील गोळा ठराविक वर्षांनीं बदलावाच लागतो. तोही येथेंच मिळतो, ही या यंत्राच्या यशाची दुसरी बाजू.

याच्या जोडीला दुसरें यंत्र आहे, रेषीय त्वरक. रुग्णालयांत त्याला ‘लिनॅक’ म्हणतात. विजेच्या बळावर इलेक्ट्रॉनांना वेग देऊन तें किरण निर्माण करतें, आणि आजच्या उपचारांत त्याचें स्थान कोबाल्टच्या यंत्राहून वरचें आहे. हेंही यंत्र भारतांत तयार झालें आहे. ‘समीर’ या सरकारी संशोधन संस्थेनें तें बनविलें, आणि वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथील रुग्णालयांत त्यावर रुग्णांना उपचार मिळाले. विद्या साधली होती. तरीही आज देशांतील रुग्णालयांत दिसणारीं बहुसंख्य लिनॅक यंत्रें परदेशी कंपन्यांचींच आहेत.

असें कां व्हावें? प्रयोगशाळेनें एक यंत्र चालवून दाखविणें आणि कारखान्यानें पन्नास यंत्रें सारख्या गुणाचीं करून दहा वर्षें त्यांची देखभाल करणें, यांत मोठी दरी आहे. परदेशी कंपनी दर दोन-तीन वर्षांनीं यंत्रांत सुधारणा करते, कारण तिला जगभरचें गिऱ्हाईक आहे. देशी कारखानदाराला पहिल्या दहा यंत्रांचीही मागणी आधीं कबूल झालेली नसते. रुग्णालयाचा प्रमुखही धोका पतकरण्यास कचरतो, आणि त्याला दोष देतां येत नाहीं; त्याच्या समोर रुग्ण असतो, राष्ट्रीय धोरण नसतें. म्हणून संशोधनासाठीं पैसा देणें हें सरकारचें अर्धेंच काम आहे. चाचणींत उतरलेल्या यंत्राचें पहिलें गिऱ्हाईक होणें आणि त्यांतील आरंभींच्या उणिवा भरून काढण्याचा खर्च सोसणें, हें उरलेलें अर्धें. हें दुसरें अर्ध जेथें झालें नाहीं, तेथें पहिल्यावर खर्च केलेला पैसाही अहवालांच्या फडताळांत जाऊन पडतो.

यावर एक रास्त आक्षेप असा घेतला जातो कीं, हा सारा खर्च गरीब राष्ट्राला परवडतो काय? स्वस्त परदेशी यंत्र आज आणलें तर आजचा रुग्ण वांचेल. देशी यंत्राची वाट पाहतांना तो मरेल. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याचें उत्तरही त्यांतच आहे. आजच्या रुग्णासाठीं यंत्र आणावेंच. २०२३ सालीं खारघर येथें प्रोटॉन किरणांनीं उपचार सुरू झाले. तें यंत्र बेल्जियमच्या कंपनीचें आहे. लहान मुलांच्या मेंदूंतील गांठीवर शेजारच्या निरोगी भागाला कमीत कमी इजा करून किरण पोंचविणारें हें साधन आपण विकत घेतलें, हें योग्यच झालें. मात्र यंत्र आणतांना त्याच्या भोंवतीं शिकणारी माणसें उभीं केलीं काय, एवढें विचारण्याचा हक्क करदात्याला आहे. सायरस व तारापूर यांतील फरक हाच होता. दोन्हीकडे परदेशी साहाय्य होतें.

शिवाय संशोधनाचें फळ कोठें उमटेल, याचा अंदाज पुष्कळदां आधीं करतां येत नाहीं. रुग्णांसाठीं शिकलेली कोबाल्टची विद्या मसाल्यांच्याही कामीं आली. वाशी येथें २००० सालापासून किरणांनीं मसाले जंतुरहित करण्याचें केंद्र चालतें. २००७ सालीं अमेरिकेनें भारतीय आंब्याला आपल्या बाजारांत पुन्हां येऊं दिलें, तें किरणप्रक्रियेच्या अटीवर, आणि ती प्रक्रिया नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवच्या केंद्रांत झाली. आयात टाळण्यासाठीं मिळविलेली विद्या निर्यातीचा परवाना ठरली.

त्याचबरोबर स्वावलंबन पूर्ण झालें, असें म्हणण्याची वेळ कधींच येत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. कोबाल्ट-६० आपण करतों. पण ज्या साध्या कोबाल्ट धातूपासून तें होतें, त्या धातूच्या चालू खाणी आपल्याकडे नाहींत. जगांतील बहुतांश कोबाल्ट आफ्रिकेंतील कांगोमधून निघतें. म्हणजे परावलंबन नाहींसें झालें नाहीं, तें एक पायरी खालीं सरकलें. पण या सरकण्याला फार अर्थ आहे. धातु नासत नाहीं, तो वर्षानुवर्षें सांठवितां येतो, अनेकांकडून घेतां येतो, आणि एखादें जहाज महिनाभर उशिरा आलें तर कोणाचा उपचार थांबत नाहीं. जें परावलंबन जीवावर बेतणारें होतें, त्याचें रूपांतर सांभाळतां येण्याजोग्या परावलंबनांत झालें. संशोधनावर खर्च करणाऱ्या सरकारनें यशाची कसोटी म्हणून हीच ठेवावी. आयातीचा आंकडा शून्यावर आला कीं नाहीं, ही नव्हे.

शेवटीं पैशाचा हिशेब. आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा ०.६४ इतकाच भाग खर्च करतो, असें २०२०-२१ सालचे सरकारी आंकडे सांगतात. दक्षिण कोरियाचें हेंच प्रमाण शेंकडा ५ च्या आसपास आहे. अलीकडे २०२३ च्या कायद्यानें राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झालें, आणि १ जुलै २०२५ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें खासगी उद्योगांतील संशोधनाला दीर्घ मुदतीचें भांडवल मिळावें म्हणून १ लाख कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली. रक्कम मोठी आहे. परंतु तिचें चीज होण्यासाठीं दोन गोष्टी लागतील, आणि त्या पैशानें विकत मिळत नाहींत. एक म्हणजे धीर; अप्सरेपासून भाभाट्रॉनपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षें गेलीं, आणि पांच वर्षांनीं बदलणाऱ्या सरकारांनीं तेवढा काळ एकच दिशा धरून ठेवणें सोपें नसतें. दुसरी म्हणजे निवड. जी वस्तु सांठवितां येत नाहीं, जिचे विक्रेते मोजके आहेत, आणि जी न आल्यास माणूस दगावतो, ती आधीं घ्यावी, व जी कोठेंही स्वस्त मिळते तिच्यासाठीं सार्वजनिक पैसा उधळूं नये.

न्हावा शेव्याच्या धक्क्यावर उतरणाऱ्या प्रत्येक पेटीकडे संशयानें पाहण्याचें म्हणून कारण नाहीं. त्यांतील बहुतेक पेट्या निश्चिंतपणें उतरवून घ्याव्यात. ज्या थोड्या पेट्या एके दिवशीं उतरल्या नाहींत तर खारघरच्या रुग्णालयांतील खाट रिकामी राहील किंवा रुग्ण उपचारावांचून परत जाईल, तेवढ्यांची यादी मात्र शांतपणें, आणि माल अजून स्वस्त व सुलभ आहे तोंवरच, करून ठेवावी. विहीर खणण्याचा हंगाम तोच असतो.